सहाशे मीटरची पोरं

माझ्याकडे सत्तावीस वर्षांच्या सव्वीस वह्या आहेत. एक शाळेच्या पत्र्यातून गळलेल्या पाण्यात गेली. माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षक होतो. भूगोलाचे तासही माझ्याकडेच असायचे. संध्याकाळी पाचवी ते आठवीतली जी पोरं मैदानावर थांबायची, त्यांच्या पळण्याच्या वेळा या वह्यांत आहेत. कुणाच्या नावापुढं तीन वर्षांच्या, कुणाच्या नावापुढं तीनच दिवसांच्या. निवृत्त झाल्यावर त्या पुन्हा चाळल्या आणि जे हाती लागलं ते खाली मांडलंय. यातलं निम्मं मला उशिरा कळलं. त्या उशिराची किंमत पोरांच्या गुडघ्यांनी दिली, तेही यात आहे.

१. सहाशे मीटर ही फसवी शर्यत आहे

शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या गटात सगळ्यांत लांबची शर्यत सहाशे मीटरची. आठशे, पंधराशे, तीन हजार हे सगळं सतरा वर्षांखालच्या गटात. म्हणजे जे पोरगं मुळात लांब पल्ल्याचं आहे, त्याच्या वाट्याला या वयात ना धड वेगाची, ना धड दमाची शर्यत येते. शंभर मीटरवाली पोरं तिच्यात उतरतात आणि अर्ध्यात संपतात. दमाची पोरं तापायला लागतात तोवर शर्यतच संपते.

माझ्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. सातवीतली एक पोरगी. आमच्या मैदानावर दोनशे मीटरचा ट्रॅक बसायचा, फक्कीनं आखलेला, म्हणजे सहाशेला तीन फेऱ्या. पहिली फेरी तिनं ३५ सेकंदांत मारली. सगळी शाळा ओरडत होती आणि मीही ओरडत होतो. दुसरी फेरी ४६, तिसरी ५१. एकूण २ मिनिटं १२ सेकंद, आणि शेवटी ती ट्रॅकच्या कडेला भुईवर आडवी. मला वाटलं, हिचा दम वाढवायला पाहिजे. दोन महिने तिला पळवून पळवून दमवलं. वेळ एका सेकंदानं कमी झाली.

दम कमी नव्हताच. पहिल्या फेरीत तिनं जे उधळलं, ते पुढच्या दोन फेऱ्यांत व्याजासकट फेडत होती. मग मी ट्रॅकवर दर पन्नास मीटरला एक असे चार झेंडे रोवले, घड्याळ हातात घेतलं आणि दर साडेदहा सेकंदांनी शिट्टी वाजवायला लागलो. शिट्टी वाजेल तेव्हा पोरानं झेंड्यापाशी असायचं. उशिरा पोचणारा चुकला, आणि आधी पोचणाराही चुकला. आधी पोचण्यात चूक काय, हे पोरांना पटायला पंधरा दिवस लागतात. वर्गात आधी गणित सोडवलं की शाबासकी मिळते ना! त्या पोरीला मात्र ते पटलं. तालुक्याला तिनं ४२, ४३ आणि ४० अशा फेऱ्या मारल्या. २ मिनिटं ५ सेकंद. शेवटच्या फेरीत तिनं तिघींना मागं टाकलं, कारण त्या तिघींनी पहिल्या फेरीत तेच केलं होतं जे आदल्या वर्षी हिनं केलं होतं.

एक बारकी गोष्ट राहिली. जिल्ह्याला चारशे मीटरचा ट्रॅक असतो. तिथं सहाशे म्हणजे दीडच फेरी, आणि सुरुवात समोरच्या बाजूनं. माझं एक पोरगं एक फेरी झाल्यावर थांबायच्या बेतात होतं आणि दुसरं तिसऱ्या फेरीला निघालं होतं. तेव्हापासून स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी पोरांना ट्रॅकभोवती चालवत न्यायचो आणि कुठून कुठवर ते दाखवायचो.

२. 'सेट' येणार नाही

चारशेपर्यंतच्या शर्यतीत 'ऑन युवर मार्क्स', मग 'सेट', मग पिस्तूल. चारशेच्या पुढं 'सेट' नसतं. 'ऑन युवर मार्क्स' आणि थेट बार. हे न सांगितलेलं पोरगं 'सेट'ची वाट बघत रेषेवर उभं राहतं आणि बाकीचे दहा पावलं पुढं जातात. सांगायला मिनिट लागतं.

३. सावकाश पळायला शिकवणं सगळ्यांत अवघड

बारा वर्षांच्या पोराला दोनच वेग माहीत असतात. थांबणं आणि सुटणं. मधला वेग त्याला शिकवावा लागतो, आणि दमाचं सगळं पीक त्या मधल्या वेगावरच येतं. हृदय, फुप्फुसं, पायातल्या बारीक रक्तवाहिन्या यांना सावकाश, लांब, पुन्हा पुन्हा काम लागतं. रोज जीव तोडून पळवलं तर पोरगं महिनाभर सुधारतं आणि मग जाग्यावर बसतं.

पण "सावकाश पळा" म्हटलं की ऐकतो कोण? पुढं कोणी दिसलं की झालं. मग मला पाढ्यांची युक्ती सुचली. कच्च्या रस्त्यानं टेकडीवरच्या देवळापर्यंत जायचं आणि पळता पळता पाढा म्हणायचा. सतराचा पाढा न अडखळता म्हणता आला, तर वेग बरोबर. "सतरा चोक..." म्हणून धाप लागली, तर वेग जास्त. गाणं म्हणता आलं, तर फारच कमी. शहरातले प्रशिक्षक यालाच बोलण्याची कसोटी म्हणतात, असं मला नंतर कळलं. आमच्या गणिताच्या बाईंनी त्या वर्षी मला खास चहा पाजला.

आठवड्यातून तीन दिवस असं सावकाश पळणं, तीन ते चार किलोमीटर. एक दिवस झेंडे आणि शिट्टी. एक दिवस खो-खो, लंगडी, रिले, जे पोरांना वाटेल ते. खो-खोचा दिवस मी पहिली काही वर्षं वाया गेला असं धरायचो. मग लक्षात आलं की खांबाला वळसा घालताना, दिशा बदलताना आणि हुलकावणी देताना पायाचे जे स्नायू तयार होतात, ते सरळ रेषेत पळून होत नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवशी झाडून सगळी पोरं हजर असतात. केवळ पळणंच असलं की महिन्याभरात निम्मी गळतात.

आमचा मुलूख डोंगराचा. चैत्रात मुंगी घाटातून शिखर शिंगणापूरला कावडी चढवतात ती याच भागात. इथल्या पोरांना चढाची भीती नसते आणि चढावर पळणं त्यांच्या पायांना चांगलंही असतं. उताराचं तसं नाही. उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर धक्का बसतो. माझा नियम होता, चढ पळत आणि उतार चालत. तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सगळे झेंडे रोवायचं काम.

४. भरतीची पोरं आणि आपली पोरं

आमच्या रस्त्यावर पहाटे पाचला दुसरी एक फौज असते, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे. त्या तरुणांपुढं एकच दिवस असतो, एकच वेळ गाठायची असते, आणि वयाची अट मागं लागलेली असते. ते रोज पूर्ण ताकदीनं सोळाशे मारतात. त्यांचं त्यांना ठीक.

पण सातवीतलं पोरगं दादाच्या मागं पहाटे जातं, त्याच्यासारखंच रोज फुल्ल मारतं आणि संध्याकाळी माझ्याकडे येतं. "सर, पाय जड लागत्यात." लागणारच. मी दादांनाच बोलावून सांगायचो, याला पहाटे झोपू दे. एका दादानं मला ऐकवलं, "मास्तर, आत्तापासनं सवय नको का?" सवय पाहिजे, पण कशाची ते आधी ठरवायला पाहिजे.

५. दाराची चौकट

हे मला सगळ्यांत उशिरा कळलं.

आठवीतला एक पोरगा होता. पाय लांब, छाती मोठी, दम अफाट. जिल्ह्याला नेणार म्हणून त्याच्यावर माझी सगळी भिस्त. जुलैपासून त्याचा गुडघा दुखायला लागला, वाटीच्या खाली, हाडाच्या टोकाशी. मी म्हणालो, "बर्फ लाव." आमच्याकडं बर्फ कुठला? रसवंतीवाल्याकडचा. महिनाभर त्यानं बर्फ लावला आणि महिनाभर मी त्याला पळवला. सप्टेंबरात तिथं सुपारीएवढं टेंगूळ आलं. त्याला जिना उतरता येईना.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. या वयात हाड लवकर वाढतं आणि स्नायू मागं राहतो. मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथं जोडलेला असतो, तिथं हाड अजून कोवळं असतं. पळताना, उडी मारताना तो स्नायू तिथं ओढत राहतो. त्या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेतही असंच होतं, त्याला सेव्हर म्हणतात. बहुतेक वेळा ते आपोआप बरं होतं, पण पोराला थांबायला मिळालं तर. त्या पोराचं ते वर्ष गेलं. टेंगूळ अजून आहे. गावात भेटला की माझी नजर आधी गुडघ्यावर जाते, हे त्याला ठाऊक आहे, आणि तो चेष्टाही करतो.

तेव्हापासून क्रीडासाहित्याच्या खोलीची लाकडी चौकट हे माझं मुख्य साधन झालं. दर महिन्याच्या एक तारखेला पोरांना पाठ टेकवून उभं करायचं आणि पेन्सिलीनं रेघ, बाजूला नाव. महिन्याकाठी अर्धा सेंटिमीटर वाढ असेल तर चाललंय तसं चालू द्यायचं. रेघ एकदम वर चढायला लागली, की त्या पोराचं पळणं निम्मं करायचं, शर्यत असो वा नसो. मुलींमध्ये ही वाढ साधारण अकरा-बाराला येते, मुलांमध्ये तेरा-चौदाला. त्या महिन्यांत पोरगं पळतंही वेडंवाकडं, कारण पाय नवा आणि डोक्यातलं माप जुनं. काल सुरेख पळणारं पोरगं आज स्वतःच्याच पायात अडखळतं. त्याला ओरडायचं नाही. मी ओरडलोय, म्हणून सांगतो.

६. पोरींचं पळणं

सहावीपर्यंत पोरी पोरांच्या बरोबरीनं पळतात, पुष्कळदा पुढं. सातवी-आठवीत एकाएकी वेळा थांबतात, कधी मागं येतात. पहिली काही वर्षं मी याला आळस म्हणायचो आणि वहीतही तसंच लिहिलंय. आता वाचताना ते पान मी लवकर उलटतो. शरीर बदलत असतं. वजन येतं, कंबर रुंद होते, पळण्याची ढब बदलते. वर्ष-दीड वर्ष घड्याळ पुढं सरकत नाही आणि मग पुन्हा सरकायला लागतं. त्या दीड वर्षात पोरीला "तू संपलीस" असं कोणी म्हटलं नाही, तर ती टिकते. म्हणणारे पुष्कळ असतात.

दुसरं म्हणजे रक्त. पाळी सुरू झालेली, आहार बेताचा, आणि वर पळणं. पापणी खाली ओढून बघितली की आत फिकट पांढुरकं. सरकारी योजनेतून शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. पोरी ती तोंडात धरून बाहेर जातात आणि थुंकतात, कारण मळमळतं. आमच्या मराठीच्या बाईंनी यावर सोपा उपाय काढला. गोळी उपाशीपोटी नको, शाळेतली खिचडी खाल्ल्यावर. आणि त्यावर तासभर चहा नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. चहा सोडायला लावणं हे माणदेशात गोळी खायला लावण्यापेक्षा अवघड आहे. पण ज्यांनी ऐकलं, त्यांची धाप दोन-तीन महिन्यांत कमी झाली.

पाळीचं बोलणं मी केलं नाही, बाईंनी केलं. पुरुष शिक्षकानं या बाबतीत शहाणपणा करायचा तो एवढाच, की एका बाईंना रोज मैदानावर आणायचं. बाई असल्या की पोरीची आई निर्धास्त असते. साडेसहाच्या आत घरी पोचवायचं, दोघी-दोघींनी जायचं, आणि सलवारीवर पळायचं असेल तर पळू द्यायचं. ट्रॅक पँटवरून मी कुणाशी भांडलो नाही. वर्षभरात ती आपोआप येते.

२०१६ नंतर हे सगळं जरा सोपं झालं. माणमधल्याच मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषा १९८४ मध्ये धावली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय बाई. पात्रता फेरीत तिची वेळ ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी. दुसऱ्या दिवशी एक आजी नातीला घेऊन शाळेच्या फाटकात उभी. "मोहीची पोरगी पळती, मग आमची का न्हाई? लावा हिला पळायला." नात पाचवीत होती, आणि तिला पळायचं नव्हतं, चित्रं काढायची होती. तिला झेंडे रंगवायला दिले.

मी आयांना ललिताचं वय सांगायचो. रिओला ती सत्तावीस वर्षांची होती. स्टीपलचेसकडं वळलीच ती पंचविशीत, त्याआधी मॅरेथॉन पळायची. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं पळायला लागला. आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक त्याला २०२३ मध्ये मिळालं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. आठवीतल्या पदकासाठी पोरीच्या जिवाला घोर लावणाऱ्या बापाला हे आकडे मी दोनदा ऐकवायचो.

७. 'जेवलीस का' असं विचारू नका

तालुक्याच्या स्पर्धा पुष्कळदा नवरात्रात येतात. सकाळी दहाला ऑक्टोबरचं ऊन, आणि आमची एक पोरगी शर्यत न पळताच, सहाशेच्या सरावालाच चक्कर येऊन पडली. आदल्या रात्री आणि सकाळीही मी सगळ्यांना विचारलं होतं, "जेवलात का?" सगळ्यांनी "हो सर" म्हटलं होतं. ती नऊ दिवसांच्या उपवासावर होती. जेवण म्हणजे तिच्या हिशेबी एक केळं आणि मूठभर शेंगदाणे, तेही काल संध्याकाळी. खोटं ती बोलली नव्हती.

तेव्हापासून मी विचारायचो, "काय खाल्लंस? किती वाजता?" उत्तर भाकरीच्या संख्येत आलं पाहिजे. उपवास मोडायला मी कुणाला सांगितलं नाही, ते माझं काम नाही. पण उपवासवाल्या पोरीला त्या आठवड्यात शर्यत नाही, आणि हे आईला आधीच कळवायचं. दोन आयांनी उपवासच पुढं ढकलला. देवीनं काही केलं नाही.

बाकी खाण्याबद्दल माझं मत साधं आहे. बाजरीची भाकरी, मटकी, शेंगदाणा-गूळ, दूध असेल तर दूध. डब्यातल्या पावडरींची जाहिरात बघून एका बापानं मोठा डबा आणला होता. त्या पैशात दोन महिन्यांची अंडी आली असती, असं मी त्याला म्हणालो. तो रागावला. पाणी मात्र तहान लागायच्या आधी प्यायला लावावं लागतं. पोरांना खेळात तहान कळत नाही.

८. बूट

अनवाणी पळणाऱ्या पोराला शर्यतीच्या सकाळी कुणाचे स्पाइक घालू देऊ नका. फोड येतात आणि पोरगं हरतं. दोष आपला असतो.

९. मिसरूड फुटलेली चौदा वर्षं

चौदा वर्षांखालच्या रेषेवर कधी कधी असा एखादा उभा राहतो की त्याच्याकडं बघून आपली पोरं हसतात. मिसरूड आहे, आवाज फुटलेला आहे, दाखला तेरा वर्षांचा आहे. तक्रार करायची तर कागद असतोच. मी दोनदा केली, दोन्ही वेळा वेळ गेला आणि तो पोरगा जिंकला.

मोह आपल्यालाही होतो, हे कबूल करतो. एका पालकानं मला विचारलं होतं, "सर, एक वर्ष कमी करून आणू का दाखला? पोरगं राज्याला जाईल, पुढं गुण मिळतील." मी नाही म्हणालो, पण लगेच नाही. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी वह्या काढून बघत बसलो होतो. आठवीत जिल्हा मारलेली माझी पोरं पुढं कुठं गेली? जवळजवळ सगळी लवकर वाढलेली होती. बाकीच्यांची वाढ झाली तेव्हा यांचा फायदा संपला, आणि सतराव्या वर्षी हरायला लागल्यावर यांनी पळणं सोडलं. जी अजून पळतात, त्यांची आठवीतली पानं काढली तर सहावा, नववा, अकरावा असे नंबर. खरंच लवकर वाढलेल्या पोराचं हे, मग कागदावर वय चोरलेल्याचं काय होणार?

त्या बापाला मी पान दाखवलं. त्यानं पोरगं दुसऱ्या शाळेत घातलं.

१०. वहीत काय लिहायचं

माझ्या वहीत नंबराचा रकाना नाही. तारीख, अंतर, वेळ, आणि शेवटी एक रुंद रकाना, पोरानं स्वतः लिहायचा. 'आज बरं वाटलं.' 'पोट दुखलं.' 'बैल पळाला होता, त्याच्यामागं पळून आलो.' शेवटून पहिला येणाऱ्या पोरालाही आपली मागची वेळ मोडता येते, आणि ती मोडली की तो वही घेऊन घरी दाखवायला जातो. एका वर्षी असा पोरगा आमच्यात सगळ्यांत नियमित होता. तीन वर्षांत त्यानं एकाही शर्यतीत कुणाला मागं टाकलं नाही, आणि सहाशेतून एकवीस सेकंद कमी केले.

मेंढपाळांची पोरं मात्र वहीत अर्धीच. दिवाळी झाली की वाडे कोकणाकडं निघतात, पोरंही जातात, आणि मृगाच्या सुमाराला परत येतात. शाळेचं काय होतं तो वेगळा विषय, त्यावर मी पुष्कळ कागद लिहिले आणि ते कुठंतरी असतील. एक पोरगा असाच सातवीत दिवाळीला गेला. जाताना वेळ होती २ मिनिटं ३. जूनमध्ये आला, चौकटीला उभा केला, रेघ चार बोटं वर. म्हटलं, आज पळू नकोस. पण तो ऐकेना. त्याला सावकाश देवळापर्यंत पाठवला, पाढे म्हणत. परत आला तेव्हा कपाळावर घाम होता, श्वास जागेवर होता, आणि सतराचा पाढा तो विसरलेला होता.

मी वही पुढं केली. त्यानं मधली कोरी पानं उलटून बघितली.

"सर, ह्ये का मोकळं ठिवलंय?"

"तू नव्हतास ना रे."

"न्हवतो म्हंजे? मेंढरांमागं रोज हुतो की. ते ल्ह्या."

"किती किलोमीटर?"

त्याला किलोमीटर सांगता येईनात. कुठला घाट उतरलो, कुठं किती रात्री वाडा बसवला, कुठल्या नदीला पाणी होतं, ते बोटांवर मोजत तो सांगत राहिला. मी नकाशा काढला, भूगोलाचा मास्तर ना. तो बोट ठेवत गेला आणि मी लिहीत गेलो. अंतराचा रकाना रिकामाच ठेवला. शेवटच्या रुंद रकान्यात त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'दोन कोकरं हरवली, एक सापडलं.'